आधी आपल्या घराचं कार्ड वाचा: टेक्सासातल्या मराठी मंडळांना आणि घरमालकांना खुले पत्र

टेक्सासातल्या मराठी मंडळांचे कार्यकारिणी सदस्य आणि इथे घर घेतलेली सगळी मराठी कुटुंबं,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी एप्रिल अर्धा सरला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला फोटो येतो. अप्रेझल डिस्ट्रिक्टची, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या संस्थेची, नोटीस, एका आकड्याभोवती लाल गोल, आणि खाली, "यांची डोकी फिरलीयत का?" तासाभरात चाळीस उत्तरं. कुणाचं घर दहा टक्क्यांनी वाढलं, कुणाचं चौदा, कुणी प्रोटेस्ट, म्हणजे त्या किमतीविरुद्धची हरकत, कुठल्या एजंटकडे दिलंय, त्याने मागच्या वर्षी किती उतरवून आणलं. मी स्वतः असे लाल गोल काढलेले आहेत. पण हा आकडा ज्या कागदावरून काढला, तो कागद, म्हणजे डिस्ट्रिक्टकडे असलेलं आपल्या घराच्या नोंदीचं कार्ड, कुणी उघडून पाहिलाय का, असं एकानेही विचारलेलं मला आठवत नाही.

हे पत्र खरं तर अप्रेझल डिस्ट्रिक्टला लिहायला बसले होते. दोन परिच्छेद झाल्यावर लक्षात आलं की तक्रार निम्मी त्यांच्याबद्दल आहे आणि निम्मी आपल्याच लोकांबद्दल. त्यांच्या वाटणीची इंग्रजीत पाठवून दिली. ही उरलेली.

आधी माझा गाढवपणा सांगते. आमचं घर डॅलसच्या उत्तरेला, दुमजली, २०१६ मध्ये नवंकोरं घेतलेलं. काउंटीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे कुठल्याही काउंटीत होऊ शकतं. दिवाणखाना दोन मजले उंच, वर कठडा, मध्ये पंखा. त्या पंख्याला जळमटं लागली की शेजाऱ्यांची मोठी शिडी मागून आणावी लागते. २०२४ च्या मार्चमध्ये वरच्या मजल्याचं कार्पेट बदलायचं म्हणून एक माणूस लेझरने मोजून गेला. त्याचा आकडा माझ्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा फारच कमी निघाला. म्हटलं, बाथरूम, कपाटं, भिंती सोडल्या असतील. तरी रात्री बिल्डरचा जुना नकाशा शोधून काढला. एकूण ३,१४० स्क्वेअर फूट. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर ३,४१२. नवरा म्हणाला, "ते बाहेरून मोजतात, असेल तेवढा फरक." बाहेरून मोजतात हे खरंच आहे. पण बिल्डरही बाहेरूनच मोजतो.

फरक २७२ चा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन दिवाणखान्यात बसले होते आणि सहज वर नजर गेली. दिवाणखाना सतरा बाय सोळा. सतरा सोळे दोनशे बहात्तर.

मग डिस्ट्रिक्टकडे घराचा आराखडा मागितला. तो साइटवर दिसत नाही. टेक्सासच्या टॅक्स कोडमध्येच तसं कलम आहे: राहत्या घराचा फोटो, आराखडा किंवा आतला नकाशा डिस्ट्रिक्टने इंटरनेटवर टाकायचा नाही. मालकाचं वय कळेल अशी माहितीही टाकायची नाही. मात्र आपल्याच घराचा आराखडा आपण मागू शकतो. मला तो ईमेलने आला. शाळेतल्या मुलाने पट्टी धरून काढावं तसं चित्र: खाली मोठा चौकोन, त्यात 'एमए' म्हणजे मेन एरिया, बाजूला 'एजी' म्हणजे चिकटलेलं गॅरेज, मागे छताचा पोर्च. वर दुसऱ्या मजल्याचा 'एमए२', आणि तो चौकोन अखंड. दिवाणखान्याच्या डोक्यावरची मोकळी जागा त्यातून कापलेलीच नव्हती. कागदोपत्री आमच्या पंख्याच्या जागी एक खोली होती आणि आठ वर्षं आम्ही त्या खोलीचा कर भरत होतो.

चूक कशी झाली ते समजायला अवघड नाही. हजारो घरांचं मूल्यांकन एका वर्षात करायचं म्हणजे कुणी प्रत्येक घरात शिरून मोजत नाही. बाहेरून भिंती मोजतात किंवा नकाशावरून उतरवतात, मग त्या चौकोनांना दर लागतो. उतरवणाऱ्याला आतली पोकळी बाहेरून दिसत नाही. त्याचा मला फारसा राग नाही. मला राग आहे तो आठ वर्षं साइटवरचं क्षेत्रफळाचं ते पान फुकट, घरबसल्या, दोन क्लिकवर उघडं असताना मी एकदाही न वाचल्याचा. माझे वडील सातबारा हातात आला की बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायचे. क्षेत्र, आकार, इतर हक्क, पीकपाणी. एकदा क्षेत्राचा एक आकडा चुकला म्हणून तलाठ्याकडे त्यांनी चार खेपा घातल्या होत्या. त्यांची लेक लाखो डॉलरच्या घराचं कार्ड न वाचता प्रोटेस्ट करत होती.

आता हे कार्ड ठेवतं कोण, हे आधी नीट सांगते, कारण इथेच निम्म्या लोकांचा घोळ होतो. आपण सरसकट 'काउंटीचं रेकॉर्ड' म्हणतो. टेक्सासात ते काउंटी सरकारचं नाही. १९७९ च्या कायद्याने अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाची वेगळी संस्था आली, साधारण प्रत्येक काउंटीला एक. घराची किंमत ठरवणं आणि नोंद ठेवणं हे तिचं काम. काउंटीत 'टॅक्स असेसर-कलेक्टर' नावाचा निवडून आलेला अधिकारी असतो. नावात असेसर असला तरी तो घराची किंमत ठरवत नाही, बिल पाठवतो आणि पैसे घेतो. आणि दर ठरवतात तिसरेच: शाळेचा डिस्ट्रिक्ट, शहर, काउंटी, कम्युनिटी कॉलेज, काही नव्या वस्त्यांत मड म्हणजे पाणी-गटाराचा डिस्ट्रिक्ट. ते दर ऑगस्ट-सप्टेंबरात ठरतात, तेही जाहीर सुनावणी घेऊन. तेव्हा आपण गणपतीच्या तयारीत असतो. म्हणजे एप्रिलमध्ये ज्याच्यावर ओरडतो त्याचा दराशी संबंध नाही, आणि ज्याचा संबंध आहे त्याच्याकडे ऑगस्टात कुणी फिरकत नाही.

फ्रिस्कोतल्या मंडळींसाठी आणखी एक गंमत. शहर एकच, पण थोडं कॉलिन काउंटीत आणि थोडं डेंटनमध्ये. मुलं एकाच शाळेत, कढीपत्ता एकाच दुकानातून, पण दोन मैत्रिणींची कार्डं दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टच्या साइटवर. तेव्हा "मला साइटवर माझं घर सापडत नाही" असं म्हणण्याआधी काउंटी बघा.

सातबाऱ्याशी तुलना केली खरी, पण एका बाबतीत ती फार उपयोगी आहे. महसुली नोंदीवरचं नाव म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे गावाकडे भावकीचे दावे पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. इथेही तसंच. अप्रेझलच्या कार्डावर तुमचं नाव आहे ते करासाठी. मालकी ठरते ती काउंटी क्लार्ककडे नोंदलेल्या डीडवर, म्हणजे खरेदीखतावर. कार्डावर नवऱ्याचंच नाव आहे आणि माझं नाही म्हणून एका मैत्रिणीने रात्रभर झोप उडवून घेतली होती. डीडवर दोघांची नावं होती. कार्ड दुरुस्त करून घ्यावं हे बरोबर, पण त्यासाठी संसारावर संशय नको.

कार्डावर बघायचं काय? पहिलं क्षेत्रफळ, ते मी सांगितलंच. बिल्डरचा नकाशा किंवा घर घेतानाचा अप्रेझल रिपोर्ट कपाटात असतोच, तो शेजारी ठेवा. मग बाथरूम, फायरप्लेस, पूल. शेजारच्या घराचा पूल तुमच्या कार्डावर चढलेला असू शकतो, हसू नका. मग बांधल्याचं वर्ष, आणि त्याच्या शेजारी 'इफेक्टिव्ह इयर' असेल तर तेही. हे दुसरं वर्ष म्हणजे घर आज किती वर्षांचं वाटतं याचा त्यांनी बांधलेला अंदाज. १९९४ चं घर, स्वयंपाकघर नवीन केलं, परमिट निघालं, की इफेक्टिव्ह इयर पुढे सरकू शकतं आणि घसारा कमी धरला जातो. मग 'क्लास', म्हणजे बांधकामाचा दर्जा. तुमच्याच गल्लीतलं, त्याच बिल्डरचं, त्याच नकाशाचं घर एक क्लास खाली असेल तर का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शेजाऱ्यांची कार्डंही तितकीच उघडी आहेत.

यावरून आठवलं. लग्नाची स्थळं बघताना काही मंडळी मुलाचं घर केवढ्याचं आहे ते या साइटवर बघून येतात. मला हे कुणी सांगितलं ते विचारू नका. पण यातला गंभीर भागही आहे. मालकाचं नाव टाकलं की पत्ता सापडतो. न्यायाधीश, पोलीस, कौटुंबिक हिंसाचाराला बळी पडलेल्या व्यक्ती अशा काहींना अर्ज करून आपला पत्ता या नोंदीतून गुप्त ठेवता येतो. आपल्या समाजात त्या शेवटच्या गटात कुणीच नाही असं समजू नका. मंडळाच्या महिला समितीने हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

या कार्डाला टेक्सासात जास्तच वजन आहे आणि त्याचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. इथे घर केवढ्याला विकलं गेलं ते सरकारला कळवणं सक्तीचं नाही. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉप १३ मुळे खरेदीची किंमत हाच पाया, वर वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढ. तिथल्या चुलतभावाचा सल्ला इथे लागू पडत नाही. एडिसनच्या मावशीचाही नाही, कारण न्यू जर्सीत मूल्यांकन गावाचा असेसर करतो आणि काउंटी बोर्डाकडे फक्त अपील जातं. आपल्याकडे डिस्ट्रिक्टला विक्रीच्या किमती अर्धवट मिळतात. घर घेतल्यावर 'किती दिलेत ते सांगा' असं पत्र येतं, त्याला उत्तर देणं ऐच्छिक आहे. मग जी किंमत निघते ती मिळालेल्या थोड्या विक्रींवरून आणि भरपूरशा चौकोनांवरून. चौकोनच चुकीचे असतील तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकणार.

आता पैशांकडे येते, आणि इथे माझी फजितीही सांगते. २०२४ ची माझी नोटीस होती ६,४०,००० डॉलर बाजारभावाची. मी कठड्यावरून खाली टेप सोडलेला फोटो, बिल्डरचा नकाशा आणि त्यांचाच आराखडा घेऊन गेले. समोरच्या बाईंनी फोटो पाहिला, ओठ मुडपले आणि म्हणाल्या, "ओपन टू बिलो." म्हणजे वरून खालपर्यंत मोकळी जागा. दहा मिनिटांत क्षेत्रफळ दुरुस्त. नवा बाजारभाव ५,९८,०००. मी विजयी मुद्रेने घरी आले. ऑक्टोबरात बिल आलं, आणि दुरुस्तीमुळे त्यात एक डॉलरही कमी झालेला नव्हता.

कारण होमस्टेडची कॅप, म्हणजे राहत्या घराच्या करसवलतीबरोबर येणारी वाढीची मर्यादा. तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराला होमस्टेड लागला की पुढच्या वर्षापासून करासाठी धरायची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, बाजार कितीही उड्या मारो. नवीन बांधकाम केलंत तर त्याची भर वेगळी. माझी त्या वर्षीची कॅपखालची किंमत होती ५,७२,०००. बाजारभाव ६,४०,००० वरून ५,९८,००० वर आला तरी तो ५,७२,००० च्या वरच. नोटीशीवर दोन आकडे असतात, 'मार्केट' आणि 'अप्रेज्ड'. आपण लाल गोल काढतो मार्केटभोवती. कर जातो अप्रेज्डवर. एक गोल चुकीच्या जागी काढल्याने किती ब्लडप्रेशर वाढतं याचा कुणी हिशेब करावा.

फायदा दिसला तो पुढच्या वर्षी. २०२५ मध्ये बाजारभाव ५,९५,००० आला. चूक तशीच असती तर कॅपप्रमाणे किंमत चढत ६,२९,२०० पर्यंत गेली असती. चौतीस हजारांचा फरक, आणि सगळे दर मिळून शंभराला दोन डॉलर धरले तर जवळजवळ सातशे डॉलर, तेही दर वर्षी.

मागच्या वर्षांचं काय? टॅक्स कोडच्या २५.२५ कलमात मागच्या पाच वर्षांपर्यंतची काही दुरुस्ती मागता येते. 'क्लेरिकल एरर', एकाच मालमत्तेची दोनदा नोंद, अस्तित्वातच नसलेली मालमत्ता, अशा गोष्टींसाठी. मी अर्ज केला. हरकती ऐकणाऱ्या अप्रेझल रिव्ह्यू बोर्डाच्या तिघांपुढे उभी राहिले. वर खोली नाही हे त्यांना पटलं, पण क्लेरिकल म्हणजे लिहिताना, उतरवताना, बेरीज करताना झालेली चूक, आणि ही मोजमापाच्या निर्णयातली चूक, असं म्हणून नाही म्हणाले. मला ते आजही पटलेलं नाही. चौकोन काढताना राहिलेली रेघ ही उतरवण्यातली चूक नाही तर काय? पण कायद्याचं ते दार अरुंद आहे, आणि वर्षच्या वर्षी प्रोटेस्ट करायच्या मोठ्या दारातून ही चूक मी आठ वर्षांत एकदाही पुढे नेली नव्हती. सुरुवातीच्या ज्या वर्षांत कॅपचा अडसर नव्हता, त्यात हवेपोटी साधारण दोन हजार डॉलर गेले. गेले ते गेले.

होमस्टेडबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त पैसे सांडतात. पुण्यात फ्लॅट असलेल्यांना महापालिकेची चाळीस टक्के सवलत आणि तिच्यासाठी भरायचा पीटी-३ अर्ज माहीत असेल. तसंच हे: घर तुमचं, त्यात तुम्हीच राहता, पण अर्ज केल्याशिवाय सवलत नाही. शाळेच्या करातली सूट २०२२ मध्ये ४०,००० डॉलर होती, २०२३ पासून १ लाख, आणि २०२५ पासून १ लाख ४० हजार. शाळेचा दर शंभराला एक डॉलर धरला तर वर्षाला १,४०० डॉलर. अर्ज फुकट. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता घराचा हवा, आणि गाडं अडतं ते इथेच, कारण लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता तीन तीन वर्षं तसाच राहतो. नागरिकत्वाची अट नाही, एच-१बी वर असलेल्यांनी घाबरून मागे राहू नये. राहून गेलं असेल तरी मागच्या दोन वर्षांसाठी उशिरा अर्ज करता येतो. आता डिस्ट्रिक्ट दर पाच वर्षांनी पडताळणीही करतात. त्यांचं पत्र जाहिरात समजून फेकलंत तर सूट जाऊ शकते.

उलट जी जाहिरात असते ती सरकारी पत्र वाटते. "आपल्या घराचा होमस्टेड अर्ज प्रलंबित, फी इतकी इतकी." किंवा "डीडची अधिकृत प्रत मागवा." गरुडाचं चित्र, खालच्या तारखेला ठळक अक्षरं. होमस्टेडला फी नाही, आणि डीडची प्रत क्लार्ककडे किरकोळ पैशांत मिळते. माझ्या माहितीतल्या एका पीएचडी गृहस्थांनी असा चेक पाठवलाय. नाव सांगत नाही, ते हे पत्र वाचणार आहेत.

आई-बाबा आपल्याकडे राहतात म्हणून पासष्टच्या वरची सूट मिळेल असं पुष्कळांना वाटतं. नाही मिळत. ती मालकाच्या वयावर आहे. मालक ६५ चा झाला की शाळेच्या करात २०२५ पासून आणखी ६० हजारांची सूट आणि त्या कराला कायमची मर्यादा मिळते. त्यासाठी आईचं नाव डीडवर चढवायची घाई करू नका, आधी वकिलाला विचारा. घर लिव्हिंग ट्रस्टमध्ये टाकलेल्यांनीही कार्ड उघडून होमस्टेड शाबूत आहे का ते बघावं. ट्रस्टच्या कागदात ठरावीक शब्द नसतील तर सूट निघून जाते.

नवीन घर घेणाऱ्या तरुण जोडप्यांना एक गोष्ट कुणीतरी क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा होण्याच्या, आधी सांगायला हवी. मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं. त्या दिवशी तुमच्या प्लॉटवर नुसता चिखल आणि चार खुंट्या असतील, तर त्या वर्षीचं बिल फक्त जमिनीचं. जुलैत घर तयार, गृहप्रवेश, सत्यनारायण. डिसेंबरात दोन हजारांच्या आतलं बिल बघून मुलं खूष. अनेकदा मॉर्गेज कंपनी एस्क्रोही, म्हणजे करासाठी हप्त्याबरोबर बाजूला काढायची रक्कमही, त्याच बिलावर बांधते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं दहा-अकरा हजारांचं बिल येतं, एस्क्रोत खड्डा पडतो, आणि हप्ता एका फटक्यात हजारावर डॉलरने वाढतो. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीला ते पत्र बाळंतपणाच्या रजेत आलं. तिला वाटलं, बँकेने फसवलं. कुणी फसवलं नव्हतं. तिच्या कार्डावर गेल्या १ जानेवारीला फक्त जमीन होती हे तिला कुणी दाखवलं नव्हतं, एवढंच. आणि हो, वर्षाच्या मध्ये घर घेतलं तरी आता त्याच वर्षापासून होमस्टेड मिळू शकतो, आधीच्या मालकाने त्या वर्षी तो घेतलेला नसेल तर. बिल्डरकडून घेतलेल्या घरात तो प्रश्नच नसतो.

प्रोटेस्टची मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांतलं जे नंतर असेल ते. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होतं. आधी डिस्ट्रिक्टच्या माणसाशी बोलणं, तिथे जमलं नाही तर बोर्ड. मागितलंत तर डिस्ट्रिक्टने आपला पुरावा सुनावणीच्या आधी तुम्हाला फुकट द्यायचा असतो. तो जरूर मागा, शेजारची कुठली घरं त्यांनी तुलनेला घेतली ते त्यातच कळतं. "प्रोटेस्ट केलं तर उलट वाढवतील" ही भीती सोडा, बोर्डाला तुमच्या मर्जीविरुद्ध नोंदीतल्या किमतीच्या वर जाता येत नाही. एजंट कंपन्यांबद्दल माझं मत बरं नाही. त्या बचतीतला हिस्सा घेतात, शेकडो घरं एकदम मांडतात, आणि तुमच्या दिवाणखान्याच्या छताकडे बघायला कुणी येत नाही. आमच्या एजंटने तीन वर्षं प्रोटेस्ट केलं. हवेतली खोली त्यालाही दिसली नव्हती.

एक अवघड प्रश्न मला विचारला गेला आहे. कार्डावर प्रत्यक्षापेक्षा कमी बांधकाम असेल तर? मागे बांधलेली खोली नोंदीतच नसेल तर? सुटलेली मालमत्ता मागच्या तीन वर्षांपर्यंतची धरून कर लावायचा अधिकार डिस्ट्रिक्टला आहे. मी कुणाला जाऊन सांगा असंही म्हणत नाही आणि लपवा असंही नाही. सुनावणीत विचारलं तर खोटं बोलू नका, तिथे शपथ घेतलेली असते. आणि घर विकताना नोंदीत नसलेली खोली हा खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो, तेव्हा आज ना उद्या ते निस्तरावं लागतंच.

आता मंडळांकडे माझं मागणं. गुढीपाडव्याचा कार्यक्रम आपल्याकडे मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी होतो, म्हणजे नोटीस येण्याच्या बरोबर आधी. सभागृहाबाहेर साड्यांचे, मसाल्यांचे, रिअल इस्टेट एजंटांचे स्टॉल असतात. त्यातच एक टेबल द्या. दोन लॅपटॉप आणि एक प्रिंटर. येणाऱ्याने पत्ता सांगायचा, त्याच्या घराचं कार्ड छापून त्याच्या हातात. होमस्टेड आहे का, क्षेत्रफळ किती, नाव बरोबर आहे का, एवढं पाच मिनिटांत बघायचं. सल्ला द्यायचा नाही, वकिली करायची नाही, फक्त कागद वाचायचा. कुठल्याही प्रायोजकाला, विशेषतः प्रोटेस्टवाल्या कंपनीला, त्या टेबलाजवळ बॅनर लावू देऊ नका.

दुसरं, २०२४ च्या मेपासून ७५,००० च्या वर लोकसंख्येच्या काउंट्यांत अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संचालक मंडळावरच्या तीन जागा थेट मतदानाने भरल्या जातात. आपल्यातले जे नागरिक आहेत त्यांच्यातल्या किती जणांनी त्या जागांसाठी मत दिलं? मी दिलं नाही. तेव्हा मला या जागा आहेत हेच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मंडळाच्या ईमेलमध्ये एक ओळ टाकाल का?

टेबलावर बसायला मी येते. दिवाळी अंकाच्या स्टॉलवर बसते तेव्हा वेळ जात नाही, इथे जाईल. सोबत पंचवीस फुटी टेप आणीन, ज्यांच्या दिवाणखान्याला दोन मजली उंची आहे त्यांना घरी न्यायला. परत मात्र करा, माझी एकच आहे.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद, उत्तर टेक्सास